शून्य साखर, एकोणऐंशी किलो

मी काटा बोलतोय. भवानी पेठेत वजनकाटे दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे, त्याच्या दाराशी उभा असलेला हिरव्या रंगाचा, दोनशे किलोचा लोखंडी काटा. ज्याला गेल्या वर्षी भर दुकानात, चार लोकांसमोर खोटा म्हटलं, तोच मी. पन्नास वर्षं मी इतरांचं वजन सांगत आलो, माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. आज न विचारता सांगणार आहे, कारण मला राग आलाय आणि तो काही केल्या उतरत नाही.

आधी माझी ओळख. खाली एक चौकोनी पाट, त्यावर माल ठेवायचा. मागे उभा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर पुढेमागे सरकणारं पितळी वजन. दांडी वरही नाही, खालीही नाही, अशी मधोमध थांबली की आकडा वाचायचा. मला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही आणि कुणाचं मन राखायची सवय मला मुळीच नाही.

चौऱ्याहत्तर साली शमशुद्दीनचाचांनी मला याच दुकानात घडवलं. चाचा वजनकाट्यांचे कारागीर, सरकारी परवाना असलेले. बोलायचे कमी. त्यांचा मुलगा मैनुद्दीन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्यांच्याच हाताखाली शिकत होता. चाचांनी त्याला पहिल्या दिवशी जे सांगितलं ते मी ऐकलंय. "आधी शून्य बघायचं. रिकामा काटा शून्यावर थांबत नसेल तर त्याच्यावर काहीही ठेवू नकोस." मैनुद्दीनने ते आयुष्यभर पाळलं. आज एकोणसत्तराव्या वर्षीही तो सकाळी दुकान उघडून बिस्मिल्ला म्हणतो आणि चहाच्या आधी माझं शून्य बघतो.

दुसरी गोष्ट मुद्रेची. काटा तयार झाला की वजनमापांचे इन्स्पेक्टर येतात, प्रमाणित वजनं ठेवून तपासतात आणि दांडीजवळच्या शिशाच्या ठिपक्यावर मुद्रा ठोकतात. याला आमच्या धंद्यात काटा पास होणं म्हणतात. पुन्हा दरवर्षी तपासणी, दरवर्षी नवी मुद्रा. मुद्रा नसलेला काटा वापरला तर दंड. या मुद्रेचा मैनुद्दीनच्या घरात एवढा मान, की शिशावर ठोकलेल्या त्या खुणेवरून तो नमाजाला जाताना बोट फिरवून जायचा. हे लक्षात ठेवा, पुढे याच मानाने घात केला.

मार्केट यार्ड गुलटेकडीला आलं तेव्हा मी तिथल्या दिगंबरशेठच्या गुळाच्या गाळ्यावर गेलो. सव्वीस वर्षं माझ्यावर गुळाच्या ढेपा चढल्या नि उतरल्या. चढवणारा हमाल होता गेनबा. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा एवढ्यावर तो दुपार काढायचा. काम संपलं की माझ्यावर उभा राहायचा आणि दांडीकडे बघून म्हणायचा, "एकसष्ट हाय. काल बी एकसष्टच व्हतं." वीस वर्षं तो एकसष्टच राहिला.

यावरून गूळ म्हणजे अमृत असा निष्कर्ष काढायला तुम्ही निघाला असाल तर जरा थांबा. त्याच गाळ्यावर गादीला टेकून दिवसभर गुळाची चव बघणारे दिगंबरशेठ चौऱ्याण्णव किलो होते आणि पन्नाशीत त्यांना साखरेचा आजार जडला. गेनबा दिवसाला दोनशे ढेपा उचलायचा, शेठ एकही उचलत नव्हते. तुम्हाला मात्र कुठल्यातरी एका पदार्थाला देव करायचं असतं आणि दुसऱ्याला राक्षस. मला तुमच्या या खोडीची चीड आहे.

त्या गाळ्यावरच मी पहिल्यांदा रंगाचा खेळ बघितला. आधी गूळ यायचा तो काळपट, तांबूस. मग गिऱ्हाइकांना पिवळाधमक हवा झाला. मग गुऱ्हाळात कसलीशी पावडर पडायला लागली आणि गूळ सोन्यासारखा दिसायला लागला. गेनबा एकदा म्हणाला, "शेठ, ह्यो पावडरीचा हाय. वास बगा." शेठ म्हणाले, "वास बघून कोण घेतो गेनबा? लोक रंग बघून घेतात." दोन्ही गूळ माझ्यावर आले. काळी ढेप दहा किलो, पिवळी ढेप दहा किलो. मी दोन्ही वेळा बरोबर दहा सांगितले आणि माझी मुद्रा दोन्ही वेळा खरी होती. त्या दिवशी मला कळलं, की माझ्यावरच्या मुद्रेचा अर्थ वजन बरोबर आहे एवढाच आहे. वर ठेवलेला माल खावा की फेकावा, हे ती सांगत नाही.

मला, एका लोखंडाच्या काट्याला हे कळलं. मैनुद्दीनला कळायला बोट जावं लागलं.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. दिगंबरशेठच्या मुलाने मला मोडीत काढायला सांगितलं. मैनुद्दीन टेम्पो घेऊन आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "अब्बांच्या हातचा आहे, हा भंगारात जाणार नाही." त्याने मला घासून हिरवा रंग दिला आणि दुकानाच्या दाराशी उभं केलं. दुकानामागेच त्यांच्या दोन खोल्या. तिथे मैनुद्दीनची बायको मेहरुन आणि एकुलता एक मुलगा अय्युब. घरात ती माणसं त्यांच्या पुणेरी हिंदीत बोलतात आणि बाहेर मराठीत. मी सगळं मराठीतच सांगतो, कारण चाळीस वर्षांहून जास्त मी तेच ऐकत आलोय.

मेहरुनला दोन हजार बारा साली साखरेचा आजार निघाला. गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या डॉक्टर हेमा तिला म्हणाल्या, "गोळ्या घ्या, चाला आणि वजनावर लक्ष ठेवा. घरात एवढा मोठा काटा आहे, त्याचा काही उपयोग करा." तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी एक रिवाज सुरू झाला. मैनुद्दीन आधी माझं शून्य बघायचा. मग वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवून खात्री करायचा. मग मेहरुन ओढणी बाजूला ठेवून पाटावर चढायची आणि मैनुद्दीन दाराच्या आतल्या फळीवर खडूने आकडा लिहायचा. सहा वर्षं त्या फळीवर अडुसष्टच्या आगेमागेच आकडे होते. ती सकाळी ज्वारीची भाकरी खायची, मंडईपर्यंत चालत जायची आणि चहात अर्धा चमचा साखर टाकून ती नको तेवढी ढवळत बसायची. गोड खायची फार आवड. कधी लपवून बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकायची आणि मग दिवसभर मैनुद्दीनच्या नजरेला नजर द्यायची नाही.

त्या लाजेवर तिचं आरोग्य तरलेलं होतं. ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

दोन हजार अठरात अय्युबला खराडीला कंपनीत नोकरी लागली. गुणी मुलगा, आईवर जीव. पहिल्या पगाराच्या आठवड्यात तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आला आणि सगळा माल माझ्याच पाटावर ओतला. बिस्किटं, चहात टाकायच्या गोड पुड्या, दुधात घालायची पावडर, थंड पेयांच्या बाटल्या. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत शून्य.

"अम्मी, हे बघ. झीरो शुगर. ऑफिसमध्ये सगळे हेच घेतात. आता तुला मन मारायची गरज नाही."

"खरंच चालतं हे मला?" मेहरुनने विचारलं. अय्युबला नाही, नवऱ्याला विचारलं. घरात शेवटचा शब्द त्याचा असायचा.

मैनुद्दीनने पाकीट हातात घेतलं, उलटं केलं आणि जरा लांब धरून बघितलं. खाली परवान्याचा सरकारी नंबर छापलेला होता. त्याचा चेहरा खुलला. "नंबर आहे. सरकार तपासल्याशिवाय नंबर देतं होय? आपल्या काट्याला देतं का? शून्य लिहिलंय म्हणजे कुणीतरी शून्य बघूनच लिहिलं असणार. खा तू."

दुसऱ्या कुठल्याही घरात पाकिटावर असा विश्वास कुणी ठेवला नसता. हा माणूस उभं आयुष्य शून्याला आणि मुद्रेला नमस्कार करत जगला, म्हणून फसला. अरे, त्या शून्याचा अर्थ साखर शून्य एवढाच. बाकी काय आहे ते कुठे लिहिलंय? मी दारात उभा राहून दांडी थरथरवली असती, पण शून्य बघून झालं की मैनुद्दीन ती अडकवून ठेवतो.

आणि मेहरुनची लाज गेली. आधी अर्धं बिस्किट लपवून खाणारी बाई आता बशीत पाच मांडून, सगळ्यांसमोर, शांतपणे खायला लागली. सकाळच्या चहाला पाच, दुपारच्या चहाला पाच. कधी भूक लागली तर आणखी दोन. चहात एकीऐवजी दोन पुड्या. चहा एवढा गोड लागायला लागला, की साधी भाकरी आणि वरण तिला बेचव वाटायला लागलं. भाकरी मागे पडली. ईदला शुगर फ्री मिठाईचा डबा आला, तो एकटीने चार दिवसांत संपवला आणि वर म्हणाली, "अल्ला भलं करो ज्याने हे शोधलं त्याचं."

वरच्या मजल्यावर सुहासिनीबाई राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. दर गुरुवारी खाली येऊन माझ्यावर वजन करतात आणि आकडा आवडला नाही तर मला नव्हे, स्वतःला बोलतात. म्हणून मला त्या आवडतात. त्यांनी एकदा ती बशी बघितली आणि म्हणाल्या, "मेहरुनभाभी, बिस्किटं साखरेशिवाय आहेत हे कळलं. पण हवेची नाहीत ना?" मेहरुन हसली, मैनुद्दीनही हसला. पुण्यातल्या माणसांचा हा एक शाप आहे. खरं बोलतात, पण अशा तिरक्या चालीने बोलतात की ऐकणारा हसून मोकळा होतो.

फळीवरचे आकडे चढायला लागले. एकाहत्तर. त्र्याहत्तर. टाळेबंदीत अय्युब घरून काम करायला लागला आणि रोज दाराशी खोकी यायला लागली. चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ. अय्युबची स्वतःची ढेरी टेबलाला लागायला लागली, हातात कायम शून्य लिहिलेली बाटली. तो माझ्यावर उभा राहायचाच नाही. "अब्बा, अम्मीचं चालणं बंद झालंय ना, म्हणून वाढतंय," तो म्हणायचा. ते अर्धं खरं होतं. अर्धं खरं माणसाला फार दिवस पुरतं.

मग दोन हजार बावीसच्या डिसेंबरात कोंढव्याला मेहरुनच्या भाचीचं लग्न झालं. मेहरुनने नवीन चप्पल घातली. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चप्पल लागली, फोड आला, फुटला आणि तिला कळलंच नाही. साखरेने पायाची जाणीव कधीच कमी केली होती. चौथ्या दिवशी मैनुद्दीनला दुकानाच्या फरशीवर ओले डाग दिसले आणि ते त्याने बाहेरून आलेल्या कुणाच्या बुटाचे समजून पुसले. माझ्या पाटावरही एक होता.

डॉक्टर हेमांकडून परत आल्यावर मेहरुन स्टुलावर बसली आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते तिने शब्द न शब्द सांगितलं. "तीन महिन्यांची सरासरी साखर साडेदहा टक्के निघाली. म्हणाल्या, तीन महिन्यांत ही आठच्या खाली आणा, वजन उतरवा. नाहीतर जखम भरणार नाही, बोट काढावं लागेल. बोटावर थांबलं तर नशीब म्हणायचं."

"गोड खातेस का, विचारलं?" मैनुद्दीन म्हणाला.

"विचारलं. मी सांगितलं, साखरेचा एक दाणा घरात नाही. सगळं शुगर फ्री."

"मग?"

"मग बरं म्हणाल्या आणि गोळी वाढवून दिली. बाहेर रांग होती."

डॉक्टरांचाही मला राग आला. एक प्रश्न आणखी विचारला असता, रोज किती खाता म्हणून, तर सगळं तिथेच उघड झालं असतं. पण बाहेर खरंच वीस माणसं उभी असतात, तेव्हा त्यांच्यावर तरी किती ओरडू?

तीन महिने मिळाले होते. अय्युबने काय केलं ऐका. घरातला गुळाचा डबा उचलून सुहासिनीबाईंना देऊन टाकला. आंबे बंद, केळी बंद. आणि बदल्यात मधुमेही माणसांसाठी म्हणून विकली जाणारी सगळी खोकी मागवली. खास बिस्किटं, खास टोस्ट, खास चिवडा, दुधात घालायची खास पावडर. आईला भूक लागली की खास डबा उघडायचा. भाकरीची तर आता भीतीच बसली होती घरात, कारण भाकरीवर कुणी शून्य छापत नाही. मुलगा जिवाच्या आकांताने आईला वाचवायला बघत होता आणि रोज तिला तेच देत होता, ज्याने ती बुडत होती. मला हे दिसत होतं आणि मी दर शुक्रवारी एवढ्या मोठ्याने सांगत होतो. सहा आठवड्यांनंतर दांडी एकोणऐंशी पूर्णांक दोनवर थांबली.

तो फेब्रुवारीतला शुक्रवार होता. मैनुद्दीनने खडू उचलला, पण लिहिलं नाही.

अय्युब म्हणाला, "अब्बा, हे शक्यच नाही. दीड महिना अम्मीने गोडाला हात लावलेला नाही. काटाच खोटा आहे. जुना झालाय तो."

मी खोटा. पन्नास मुद्रा अंगावर घेतलेला मी. गेनबाला वीस वर्षं एकसष्ट सांगणारा मी. ज्या घरात मी जन्मलो त्या घरातल्या पोराने मला दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर खोटा म्हटलं आणि माझ्या पाटावर एक काचेचा, चपटा, चमकणारा घरगुती काटा आणून ठेवला. मग तो फरशीवर घेतला आणि आईला त्याच्यावर उभं केलं. त्याने एकोणऐंशी पूर्णांक चार दाखवले. अय्युबने तो दुसऱ्या फरशीवर ठेवला, मग दाराजवळ, मग कोपऱ्यातल्या उखडलेल्या फरशीवर. तिथे तो डगमगत सत्त्याहत्तर पूर्णांक आठवर आला. "हे बघा," अय्युब म्हणाला, "हे बरोबर आहे." हवा तो आकडा मिळेपर्यंत काटा फिरवायचा, ही तुमची जुनी खोड आहे. कुणी भिंतीला हात लावतं, कुणी एका पायावर उभं राहतं, कुणी श्वास धरून ठेवतं. वजनाशी लबाडी करून तुम्ही नक्की कुणाला फसवता, हे मला पन्नास वर्षांत उमगलं नाही.

अय्युबने फोन लावला आणि दुपारी भंगारवाला संभाजी हातगाडी घेऊन दाराशी आला. त्याने माझा खांब धरून मला हलवून बघितलं. "जड आहे. बिडाचा दिसतोय," तो म्हणाला.

"थांब," मैनुद्दीन म्हणाला. "आरोप झालाय त्याच्यावर. आधी तपासणी होईल."

त्याने लाकडी पेटी उघडली. त्यात प्रमाणित वजनं असतात, मखमलीत गुंडाळलेली, त्यांना नुसता हात लावायलाही तो कुणाला देत नाही. त्याने माझं शून्य बघितलं. मग वीस किलो ठेवलं. दांडी मधोमध. चाळीस. मधोमध. साठ. ऐंशी. चारही वेळा दांडी केसभरही वरखाली झाली नाही. मैनुद्दीनने वजनं उतरवली, एकेक पुसून पेटीत ठेवलं आणि मेहरुनला हात देऊन पाटावर चढवलं. पायाला पट्टी होती. एकोणऐंशी पूर्णांक दोन.

"काटा बरोबर आहे," मैनुद्दीन म्हणाला. "संभाजी, तू जा."

"मग चूक कुठे आहे?" अय्युबचा आवाज बारीक झाला होता.

मैनुद्दीन कपाटाकडे वळला. दांडीवरच्या बारीक रेषा वाचायला तो एक भिंग वापरतो. ते त्याने गळ्यातून काढलं, कपाटातून बिस्किटांचं पाकीट घेतलं आणि उजेडात जाऊन उलटं धरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने नंबराच्या वरची अक्षरं वाचली. मोठ्याने वाचली, अडखळत. मैदा. पामतेल. माल्टोडेक्स्ट्रिन. मग नुसते आकडेच आकडे, चारशे एकाहत्तर, पाचशे तीन, नऊशे पंचावन्न. खाली तक्ता होता. साखर, शून्य. त्याच्या वरच्या ओळीत, कर्बोदकं, शंभर ग्रॅममध्ये अडुसष्ट.

"दिवसाला किती खातेस?" त्याने विचारलं.

मेहरुनने बोटांवर मोजलं. "दहा. कधी बारा."

त्याने टेबलावरचा छोटा तराजू ओढला आणि त्यात बारा बिस्किटं मोजून ठेवली. एकशे वीस ग्रॅम.  मग म्हणाला, "अय्युब, डॉक्टरीणबाईंना फोन लाव. आवाज मोठा ठेव."

डॉक्टर हेमांनी ऐकून घेतलं. "मैनुद्दीनभाई, साखर नाही, पण मैदा आहे ना? पोटात गेला की त्याची साखरच होते. ती माल्टोडेक्स्ट्रिनची पावडरही तशीच. मी पाकीट दाखवा म्हणायला हवं होतं. माझं चुकलं."

"आणि पुड्या? गोड बाटल्या? त्यांत तर काहीच नाही," अय्युब म्हणाला.

"ते विष आहे असं मी म्हणणार नाही. साखरेऐवजी एखादी पुडी, चालेल. पण त्याने वजन उतरतं, आजार टळतो, असं वर्षानुवर्षं बघून कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट, वजन उतरवायला या गोडव्यावर विसंबू नका असंच आता सांगतात. जीभ गोडाला सोकावते ती वेगळीच. आणि शुगर फ्री घेतलंय म्हणून माणूस दुसरं काय काय खातो, ते कुठल्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. आईंना भाकरी द्या. वरण, भाजी, मोजून. आणि जखम उद्या दाखवायला आणा."

फोन बंद झाला. अय्युब माझ्या पाटावर मटकन बसला, ज्या पाटावर पाच वर्षांपूर्वी त्याने पिशव्या ओतल्या होत्या. "अब्बा, मी आणलं," तो म्हणाला. "अम्मीसाठी मी आणलं सगळं."

"तू आणलंस," मैनुद्दीन म्हणाला. "पास मी केलं."

मेहरुन दोघांकडे बघत होती. तिने तराजूतली बिस्किटं गोळा केली आणि पाकिटात परत भरली. "मला कुणीतरी खा म्हणावं असं वाटत होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात. मी जास्त विचारलं नाही."

मला तेव्हा कुणाचाच राग राहिला नाही. घरातल्यांचा म्हणतोय मी. ज्याने पुढे बोटाएवढ्या अक्षरात शून्य छापलं आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात मैदा, त्याचा राग मात्र अजून तसाच आहे. तो कुठे बसतो मला ठाऊक नाही. भेटला तर त्याने एकदा माझ्या पाटावर उभं राहावं. मी फक्त त्याचं वजन सांगेन, पण तेवढ्यात त्याला फळीवरचे आकडे वाचायला मिळतील.

उरलेले सहा आठवडे त्या घराने जे केलं ते मी बघितलंय. भाकरी परत आली. मैनुद्दीन वरण वाटीने मोजायचा. अय्युबने ऑफिसातून रजा घेतली आणि रोज आईची पट्टी बदलली, नाक न मुरडता. साखर उतरली, साडेदहाची नऊ झाली. आठ झाली नाही. बोट मात्र सहा आठवडे थांबलं नाही, ते काळं पडत गेलं. मार्चच्या शेवटी सरकारी दवाखान्यात ते काढलं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मेहरुन पुन्हा माझ्यापाशी आली. मैनुद्दीनने माझं शून्य बघितलं, वीस किलो ठेवून खात्री केली. ती अय्युबचा खांदा धरून पाटावर चढली. "सोड आता," मैनुद्दीन म्हणाला, "नाहीतर तुझं वजन त्याच्यावर पडेल." तिने सोडला. चार बोटांचा डावा पाय पाटावर नीट टेकायला तिला वेळ लागला.

दांडी थांबली. त्र्याहत्तर पूर्णांक सहा.

"अम्मी, साडेपाच किलो उतरलं," अय्युब म्हणाला. "साखरही उतरेल आता. डॉक्टर म्हणाल्यात, दुसरा पाय वाचवायचा असेल तर असंच चालू ठेवा."

मेहरुन खाली उतरली नाही. दांडीकडे बघत ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, यात माझ्या बोटाचं किती?"

मैनुद्दीनने भिंग डोळ्याला लावलं. दांडीवर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला, जणू तिथे काही दिसणार होतं. मग भिंग खाली ठेवून त्याने खडू उचलला आणि फळीवर नुसता आकडा लिहिला.

मी खोटं बोलत नाही, म्हणून हेही सांगतो. माझ्या दांडीवरची सगळ्यात लहान रेघ शंभर ग्रॅमची आहे. त्याच्याखालचं मला कळत नाही. एका बाईचं बोट गेलं आणि माझी दांडी हललीसुद्धा नाही. तेव्हा माझ्या भरवशावर राहू नका. मी सांगेन तोवर उशीर झालेला असतो. पाकीट हातात आलं की ते उलटं करा, भिंग नसेल तर उजेडात जा, आणि शून्याच्या वरच्या खालच्या ओळी वाचा. घरात कुणी वाचणारं नसेल तर सुहासिनीबाईंसारख्या कुणालातरी विचारा आणि त्या तिरकं बोलल्या तर हसू नका.

मैनुद्दीन आता रोज सकाळी माझं शून्य बघतो, पण मुद्रेवरून बोट फिरवत नाही.